माथेरानच्या घोड्यांना पर्यटकांनी हातून खाऊ द्यावा का?

रानवाटा

माथेरानला मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यापासून आत जायचं ते पायी, मिनी ट्रेनने, हल्ली काही ई-रिक्षांनी, नाहीतर घोड्यावरून. सामानही घोड्याच्या पाठीवर जातं. म्हणजे हे घोडे कामावर असलेले प्राणी आहेत. आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या तोंडात येणारे-जाणारे काय वाटेल ते कोंबत असतात: ग्लुकोज बिस्किटं, वेफर्स, चिक्की, अर्धा वडापाव, खाऊन उरलेलं मक्याचं कणीस. घोडेवाला नको म्हणाला तर "अहो, प्रेमाने देतोय" हे उत्तर ठरलेलं.

माझं मत स्पष्ट आहे. पर्यटकाने घोड्याला हातून काहीच देऊ नये, गाजरसुद्धा नाही. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचं काही पोटात गेलं तर ते बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर साधारण आठ ते पंधरा लिटरचं असतं, कारण दिवसभर थोडं थोडं गवत चघळत राहायचं अशीच त्याची घडण आहे. प्रत्येकाला वाटतं, आपण एकच तर बिस्किट दिलं. पण सगळ्यांची बेरीज घोड्याच्या पोटात होते. माकडांना खायला घालून घालून हातातली पिशवी हिसकावायला आपणच शिकवलं. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, इथे नियम काही नवे नाहीत. त्यात हा एक घाला. तुम्हाला काय वाटतं?

पाऊलखुणा

वडापाव आणि वेफर्सबद्दल शंभर टक्के सहमत. पण "गाजरसुद्धा नाही" हे मला अजिबात पटत नाही. दारी आलेल्या मुक्या जनावराला घास द्यायचा हे आपल्याकडे घराघरांत शिकवलं जातं, आणि ते शिकवणं चांगलं आहे. शहरातल्या मुलांना कुत्रा-मांजराखेरीज जनावर जवळून बघायला कुठे मिळतं? माझी भाची घोड्याजवळ जायलाच घाबरायची. घोडेवाल्या मामांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, बोटं सरळ करून अंगठा बाजूला चिकटवायला लावला आणि तळहातावर गाजराचा तुकडा ठेवला. घोड्याने तो नुसत्या ओठांनी उचलला. त्यानंतर ती "घोड्याला पाणी पाजलं का?" असं स्वतःहून विचारायला लागली. बंदीच्या फलकाने ही काळजी तिच्यात आली असती असं मला वाटत नाही. द्यायचं कसं ते शिकवा, देणं बंद करू नका.

टापा

पाऊलखुणा, सपाट तळहात हा अर्धाच उपाय आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. थेट नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं त्याला दिसत नाही. तुमच्या हातावर काय आहे ते तो ओठांनी आणि तोंडाभोवतीच्या राठ केसांनी चाचपून ओळखतो. गाजर आणि बोट यांतला फरक त्याला चाचपूनच कळायचा असतो, आणि तेवढ्यात मूल घाबरून हात मागे ओढतं. मग घोडा घास पकडायला पटकन दात पुढे करतो. यात घोड्याचा काडीचा दोष नसतो, पण "चावरा" हा शिक्का त्याच्यावरच बसतो.

दुसरं, दस्तुरीला घोडे ओळीने बांधलेले असतात. एकाला घास दिला की शेजारचा कान मागे पाडतो, मान लांब करून चावायला जातो, कधी मागचा पाय झाडतो. खाऊ देणारं पोर नेमकं त्या दोघांच्या मध्ये उभं असतं. आईवडील तेव्हा फोटो काढत असतात.

मी तर पुढे जाऊन म्हणेन की मालकानेही हातून देऊ नये. खाऊ तोबऱ्यात (घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीत) किंवा घमेल्यात घाला. माणूस दिसला की खिसा हुंगायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

खरारा

इथे मात्र मी विरोधात. मी पुण्यात घोडेस्वारी करते आणि घोड्याला रोज हातून देते, अगदी ठरवून. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये स्वारांच्या कोटाला साखरेसाठी वेगळा खिसा असतो. तिथल्या लिपिझान जातीच्या घोड्याने चांगलं काम केलं की तिथल्या तिथे बक्षीस. ते घोडे काही स्वारांचे खिसे फाडत सुटत नाहीत.

कारण घास कधी द्यायचा याला नियम असतो. घोड्याने तोंड माझ्या अंगाकडे आणलं की काही नाही, मान सरळ किंवा पलीकडे वळवून शांत उभा राहिला की लगेच. मागितलं की मिळत नाही आणि थांबलं की मिळतं, हे घोड्याला फार लवकर कळतं. नाल ठोकताना पाय उचलू न देणारी घोडी मी याच पद्धतीने नालबंदापुढे शांत उभी राहताना पाहिली आहे. आधी तिचे कान पिळून धरायचे. दोन्हींतलं काय निवडायचं, सांगा.

टापा

खरारा, कान पिळण्याचं समर्थन मी करणारच नाही. पण ब्रिटनमधल्या घोडामालकांची एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली होती. हातून खाऊ मिळणाऱ्या घोड्यांमध्ये हात चाटणं, हलके चावे घेणं, कपडे हुंगत शोधणं जास्त आढळलं होतं. हे सगळे घरचे, सांभाळलेले घोडे. माथेरानच्या घोड्यापुढे तर दर तासाला नवा माणूस येतो. तुमचा नियम कोण पाळणार?

आणि जवळीक साधायला खाऊच कशाला हवा? आयाळ जिथे संपते आणि पाठ सुरू होते, तिथे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. फ्रान्समध्ये कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेला एक अभ्यास १९९३ साली आला. त्या जागी खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके संथ होतात असं त्यात दिसलं. मुलांना ते शिकवा. घोडा वरचा ओठ लांब करून डोळे अर्धे मिटतो, तो आनंद गाजराइतकाच खरा असतो.

खरारा

त्याच पाहणीत पद्धतशीर प्रशिक्षणासाठी खाऊ वापरणाऱ्यांकडे हा त्रास वाढलेला नव्हता, हेही सांगा ना! म्हणजे दोष हाताचा नाही, बेशिस्तीचा आहे. खाजवण्याबद्दल मात्र पूर्ण सहमत, माझं नावच त्यावरून आहे: खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासणं.

मुका रुग्ण

पशुवैद्यक आहे, म्हणून वैद्यकीय बाजू लिहितो.

घोडा मोठ्या आतड्यात गवत आंबवून पचवतो. एकदम बराच मैदा, साखर, पाव किंवा धान्य गेलं की लहान आतड्याला ते पुरतं पचवता येत नाही आणि उरलेलं तसंच पुढे सरकतं. तिथे आम्ल वाढतं, चांगले जिवाणू मरतात, आणि यातून पोटशूळ तर होतोच, कधी खुराच्या आतल्या नाजूक थराला सूज येते. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. ज्याचं पोट पायांवर चालतं त्या घोड्याला हा आजार म्हणजे कायमची बेकारी. काही वेळा मरणच.

गाजर-सफरचंदाबाबत: गोल चकत्या किंवा मोठे गोळे नकोत, ते अन्ननलिकेत अडकू शकतात. मग नाकातून लाळ आणि अन्न यायला लागतं, घोडा मान ताणतो, घाबरतो. गाजर लांब फाकी करून द्यावं. कांदा नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वडापाव-भजीवाल्यांनी हे लक्षात ठेवा. चॉकलेट नको. अव्होकॅडो नको. कुंपणाची कण्हेर तोडून "हिरवा पाला" म्हणून देणारेही असतात. कण्हेर विषारी आहे, थोडीही जीव घेऊ शकते. वेफर्सची पिशवी हातातून ओढून घोड्याने गिळली तर प्लॅस्टिक आतड्यात अडकतं, आणि तिथून घोडा वाचवायला मोठी शस्त्रक्रिया लागते. ती डोंगरावर होत नाही.

आणखी एक: एका घोड्याच्या नाकातोंडाला हात लावून तोच हात पुढच्याला लावू नका. श्वसनाचे काही संसर्ग असेच पसरतात.

पण सरसकट बंदीच्या बाजूने मी नाही. निरोगी घोड्याला मालकाच्या संमतीने गाजराच्या दोन-चार फाकी दिल्याने काही होत नाही.

रानवाटा

डॉक्टर, "मालकाच्या संमतीने" हे कागदावर छान वाटतं. समोर गिऱ्हाईक उभं असताना घोडेवाला नाही कसं म्हणणार? त्याची दिवसाची कमाई त्या माणसाच्या मर्जीवर आहे. फलक असेल तर त्याला म्हणता येईल, "साहेब, नियम आहे." मी बंदी मागतोय ती त्याच्यासाठीसुद्धा.

चंदी

आमच्या घरात घोडे आहेत, दोन पिढ्या माथेरानला. सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहितो.

रानवाटा दादा, तुम्ही म्हणता ते खरं आहे, नाही म्हणायला जड जातं. गिऱ्हाईक वर आम्हालाच बोलतं, "घोडा उपाशी ठेवता काय?" घोडा उपाशी नसतो. पहाटे हरभरा, जव, कोंडा अशी चंदी होते, मग गवत. गवत, चंदी दोन्ही खालून वर आणायला लागतं, त्याचा खर्च वेगळा. घोडा कामाला लागला की तोंडात लगामाची कडी असते. कडी तोंडात असताना घास नीट चावता येत नाही, अर्धवट गिळला जातो. हे कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. स्वारी चालू असताना कृपा करून काही देऊ नका. आणि जमिनीवर टाकू नका, लाल मातीसकट पोटात जातं.

पण बंदी नको. दरवर्षी काही माणसं येतात, आधी फोन करून विचारतात, गाजराची गोणी घेऊन येतात आणि आमच्या हातात देतात. संध्याकाळी खोगीर उतरवलं, अंग थंड झालं, पाणी झालं, की मग त्यांची पोरं आमच्यासमोर एकेक फाक देतात. घोडे त्यांना ओळखतात असं मला वाटतं. फलक लागला तर ही माणसंही यायची थांबतील. फलक लावायचाच तर असा लावा: "घोडेवाल्याला विचारल्याशिवाय खाऊ देऊ नये." मग आम्हाला नाही म्हणता येईल आणि हो पण म्हणता येईल.

टापा

चंदी दादा, तुमचा शब्द या धाग्यात सगळ्यात वजनाचा. तरी एक विचारतो. "विचारल्याशिवाय" असं लिहिलं की दिवसभर विचारणाऱ्यांची रांग लागेल. प्रत्येकाला वाटेल, मला हो म्हणायलाच हवं. गर्दीच्या दिवसांत तरी सरळ "नाही" असावं, असं नाही का वाटत?

पाऊलखुणा

मधेच एक प्रश्न. समजा घोडा चावलाच आणि कातडी फुटली, तर काय करायचं?

मुका रुग्ण

वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. घोड्यालाही रेबीज होऊ शकतो, म्हणून लस लागेल का ते डॉक्टरांना ठरवू द्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

चंदी

टापा दादा, मे महिन्यातल्या आणि दिवाळीच्या गर्दीत सरळ नाही, हे मला मान्य आहे. बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही, आमच्यातही दोन मतं आहेत. काहींना वाटतं गिऱ्हाईक खाऊ देतं तेवढाच चंदीचा खर्च वाचतो. त्यांना डॉक्टरसाहेबांनी वर येऊन हे लॅमिनायटिसचं समजावलं तर बरं होईल. आमचं ते ऐकत नाहीत.

मुका रुग्ण

येतो. पावसाळ्याआधी एखादा मधला वार ठरवा, शनिवार-रविवार नको. शक्य तेवढे घोडे एका जागी आणा, खूर आणि दात दोन्ही तपासून देईन.