बोट बंदराला आठ तास लागते, त्यातले चार बसमध्ये का घालवायचे?

धक्क्यावरचा:
एप्रिलमध्ये आम्ही योकोहामाहून क्रूझ केली. शिमिझू, नागासाकी, बुसान (दक्षिण कोरिया), कीलुंग (तैवान), नाहा आणि परत योकोहामा. तेव्हापासून घरात सुरू असलेला वाद इथे आणतोय. माझं मत स्पष्ट आहे: बोट ज्या गावाला लागते, ते गाव बघा. कीलुंगला उतरून तैपेईकडे, इंचॉनला उतरून सोलकडे धावणाऱ्यांनी सरळ विमानाने जावं.

नागासाकीचंच घ्या. धक्क्यावरून ओउरा चर्च चालत गाठता येतं. १८६५ साली उराकामीचे काही गावकरी तिथे आले आणि आपणही ख्रिस्ती असल्याचं त्यांनी पाद्र्याला हळूच सांगितलं. अडीचशे वर्षं बंदी असताना पिढ्यान् पिढ्या लपवून जपलेला धर्म! आणि ९ ऑगस्ट १९४५ ला बाँब फुटला तो त्याच उराकामीवर. आम्ही सकाळी चर्च पाहिलं, मग ट्रामने (चायनाटाउनला बदलून) पीस पार्क. दोन्ही एकाच दिवशी, स्वतःच्या पायांनी. बोट कंपनीने काढलेल्या बसच्या सहलीतल्या शेजाऱ्यांना अणुबाँब संग्रहालयात चाळीस मिनिटं मिळाली, दुकानात मात्र पाऊण तास.

खारेदाणे:
वा! तुमचे पाय धडधाकट आहेत म्हणून हे सुचतंय. माझ्याबरोबर सासूबाई होत्या, वय ७४, गुडघे केव्हाच संपावर गेलेले. नागासाकी म्हणजे नुसते चढ. बस दारात आली, गाइड इंग्रजी बोलणारा होता, स्वच्छतागृह कुठे हे विचारावं लागलं नाही. आणि दुकानाला नावं ठेवू नका, कास्तेला केक तिथेच मिळाला!

तैपेईचं म्हणाल तर आम्ही गेलो. पुन्हा कधी जाणार तिकडे? व्हिसाला इतके कागद जमवायचे आणि कीलुंगच्या पावसात छत्री धरून बंदर बघायचं, याला मी तरी कद्रूपणा म्हणेन.

योकोहामाकर:
दोघांनाही एकेक टोला. नागासाकीत ओउरा चर्चशेजारच्या टेकडीवर ग्लव्हर गार्डन आहे, तिथे सरकते पट्टे आहेत, आणि मागच्या बाजूने वर चढायला तिरकी लिफ्ट आहे. सासूबाई आरामात गेल्या असत्या.

आणि धक्क्यावरचा, तुम्ही योकोहामाला काय पाहिलंत? ओसानबाशी धक्क्याला लागूनच यामाशिता पार्क आहे. त्यात घुमटाखाली पाण्याचं एक कारंजं आहे, भारतीय व्यापाऱ्यांनी बांधून दिलेलं. १९२३ च्या भूकंपात इथल्या लोकांनी त्यांना मदत केली होती, त्याची ही परतफेड. मी इथे नऊ वर्षं राहतो. बोटीवरून उतरलेले आपले लोक त्याच्यासमोरून फुजीच्या बसकडे पळताना बघतो, आणि ढगाळ दिवशी फुजी तर दिसतही नाही.

धक्क्यावरचा:
पकडलंत. कारंजं राहिलं. सकाळी विमानतळावरून थेट बोटीवर चढलो.

डेक११:
खरा मुद्दा कोणीच बोलत नाहीये. बोटीच्या सहलीची बस अडकली तर बोट थांबते. तुमची ट्रेन चुकली तर बोट टाटा करून जाते, आणि पुढचं बंदर दुसऱ्या देशात! वेळापत्रकात 'मुक्काम ८ ते ५' दिसतं, त्यातला पहिल्या जपानी बंदरातला तासभर इमिग्रेशनचे बोटांचे ठसे आणि फोटो खातात, आणि साडेचारला परत बोटीवर. उरतात किती? म्हणून लांब जायचं असेल तर बोटीची बस, जवळ असेल तर पायी. यात वाद कसला?

खारेदाणे:
हेच तर मी म्हणतेय.

धक्क्यावरचा:
नाही हो, तुम्ही लांब जायचंच म्हणताय. मी म्हणतो की लांब जाण्याची हौसच सोडा. कीलुंगला पाऊस होता, कबूल. पण देवळाभोवतीचा मिआओकोउ बाजार धक्क्यापासून चालत आहे. आणि शाकाहारी मंडळींनो, तैवानात पाटीवर स्वस्तिकासारखं चिन्ह दिसलं की आत शिरा. बौद्धांची खाणावळ, बहुधा कांदा-लसूणसुद्धा नाही. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आईने बोटीवर रोज पास्ता खाल्ला आणि तिथे दोन वाट्या भात मागून घेतला.

खारेदाणे:
हे आधी सांगायचं होतंत! सासूबाई पूर्ण दिवस केळ्यांवर होत्या.

तरीही जिऊफेन सोडणार नाही. डोंगरातली ती पायऱ्यांची गल्ली, लाल कंदील, खाली समुद्र. आणि ते तर कीलुंगहून बसने जवळ आहे, म्हणजे तुमच्याच नियमात बसतं.

धक्क्यावरचा:
बसतं. पण पायऱ्या आणि ७४ वर्षांचे गुडघे?

खारेदाणे:
त्या खाली चहा पीत बसल्या. मी चढले.

नवखी:
मध्येच विचारते. ऑक्टोबरची बुकिंग आहे, जपान-बुसान-जपान. जपानचा सिंगल एंट्री व्हिसा चालेल ना?

डेक११:
बुसानहून परत जपानला शिरणार, म्हणजे दुसरी एंट्री. मल्टिपलच मागा, आणि अर्जासोबत बोटीचं पूर्ण वेळापत्रक जोडा. बुसानला कुठल्या टर्मिनलला लागणार तेही बघून ठेवा. एक बुसान स्टेशनाच्या अगदी जवळ आहे, दुसरं योंगदो बेटावर. योंगदोला लागली तर टॅक्सीचे पैसे जवळ ठेवा.