मदत हवी आहे: पहिली बीजेडी कोणती घ्यावी? (नागपूर, सगळं धरून ३५ हजार)

धागादोरा

पहिली बॉल जॉइंटेड डॉल (बीजेडी, म्हणजे गोल सांधे आतून इलॅस्टिकच्या दोरीने ताणून जोडलेली बाहुली) घ्यायचं नक्की आहे, निवड मात्र होत नाहीये. माहिती अशी:

बजेट ३५,०००. कस्टम, कुरिअर सगळं त्यातच. खोली वरच्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला, उन्हाळ्यात डेझर्ट कूलर, एसी नाही. शिवणकाम येतं, त्यामुळे तयार कपड्यांवर खर्च करायचा नाही. रंगकाम येत नाही. बाहुली शोकेसमध्ये ठेवून बघण्यासाठी नको, बसवून-उभी करून फोटो काढायचे आहेत.

विचारायचं आहे ते असं. साठ सेंटिमीटरची घ्यावी की चाळीसची? रेझिन की व्हिनाइल? एका साइटवर नावाजलेल्या कंपनीचा हुबेहूब तोच चेहरा सहा हजारांत दिसतोय, तो घ्यावा का? आणि आपल्याकडच्या मे महिन्यात रेझिन टिकतं का?

खुंटीवरची

मापापासून सुरू करू, कारण बाकी सगळा खर्च मापावरच ठरतो.

क्योटोच्या व्होक्स कंपनीने १९९९ मध्ये सुपर डॉल्फी काढली, म्हणून साधारण ५७ ते ६५ सेंमीच्या बाहुलीला अजून सगळे एसडी म्हणतात. हे माणसाच्या एक तृतीयांश माप. ४० ते ४५ सेंमी म्हणजे एक चतुर्थांश, एमएसडी. २६ सेंमीच्या आसपास एक षष्ठांश, योएसडी. यातली मेख अशी की एक चतुर्थांश हे कपड्याचं माप नाही. त्याच उंचीत एका कंपनीचं शरीर दहा वर्षांच्या मुलीसारखं असतं, दुसरीचं बारीक कमरेच्या तरुणीचं. एकीचा ब्लाउज दुसरीच्या खांद्यावर चढणार नाही. म्हणून उंचीवर जाऊ नका, कंपनीच्या पानावर छाती, कंबर, नितंब, खांदे, पाऊल यांची मापं असतात ती उतरवून घ्या.

तुम्ही शिवता, म्हणून सांगते: एक षष्ठांशात बाही बोटाएवढी होते. पाच मिलिमीटर शिलाई आत सोडली तरी काखेत गोळा होतो आणि हात खाली येत नाही. एक तृतीयांशात शिवणं सोपं, पण बाहुली जड, खोकं मोठं, आणि दोरी इतकी ताठ असते की ओवताना दुसरा माणूस लागतो. एक चतुर्थांश घ्या. सुती कॅम्ब्रिक, व्हॉइल, जुन्या इरकलीचा काठ, सगळं त्या मापाला शोभतं.

चेहऱ्यावर भाळून ऑर्डर देणारे नंतर शरीरावर वैतागतात. विग आणि डोळे बदलले की तोच चेहरा निराळा दिसतो, गुडघा मात्र बदलता येत नाही. त्यामुळे कपड्यांविना काढलेले कंपनीचे फोटो बघा. तीन गोष्टी तपासायच्या: कोपर दुहेरी सांध्याचं आहे का आणि हात गालाला टेकतो का, गुडघा दुहेरी आहे का आणि पोटरी मांडीला किती जवळ येते, आणि छातीखाली वेगळा सांधा आहे का. एकेरी गुडघ्याची बाहुली नव्वद अंशांपाशी अडते. खुर्चीवर छान बसते, पण मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसवायची म्हटलं की संपलं. उलट दुहेरी गुडघा नव्या दोरीवर हट्टी असतो, झटका देऊन सरळ होतो. त्यावर उपाय आहे, एकेरीवर नाही.

मेणकापड

व्हिनाइलबद्दल. व्होक्सचीच डॉल्फी ड्रीम घ्या उदाहरणाला: वरून मऊ व्हिनाइल, आत प्लास्टिकचा सांगाडा, इलॅस्टिकची दोरी नाही. पोझ उत्तम धरते, पडली तर फुटत नाही. पण कपड्याचा रंग व्हिनाइलच्या आत मुरतो, आणि मुरला की घासून निघत नाही. रेझिनवर तोच डाग बहुतेक वरच्या थरात असतो, मेलामाइन स्पंजने हलक्या हाताने जातो. नाहीच गेला तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासता येतो. कोरडं घासू नका, रेझिनची धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क हवाच. स्वतः शिवलेले गडद कपडे घालणार असाल तर रेझिनच बरं.

पहिल्या वर्षी काळा, लाल, डेनिम या तिघांना दोनदा धुऊन, मग ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून बघितल्याशिवाय बाहुलीला घालायचं नाही. चिंधीवर रंग उतरला तर आतून पांढरं अस्तर लावा.

खुंटीवरची

सहा हजारांचं: ते रिकास्ट आहे. कोणीतरी मूळ बाहुली विकत घेऊन तिच्यावरून साचा काढतो. ओतकाम घट्ट होताना रेझिन किंचित आकसतं, म्हणून नकलेचं माप मूळपेक्षा थोडं लहान भरतं, आणि मूळ कंपनीचे हात किंवा डोक्याची टोपी (डोक्याचा मागचा, निघणारा भाग) त्यावर नीट बसत नाही. सर्टिफिकेट नसतं. पुढे विकायची म्हटलं तर बहुतेक संग्राहक हातही लावत नाहीत. शिवाय शिल्प घडवणाऱ्याला एक पैसा मिळत नाही, आणि हा धंदा मुळात चार-चार माणसांच्या स्टुडिओंवर चालतो.

ओळखायचं कसं: फोटो सगळे मूळ कंपनीचे, विक्रेत्याने स्वतः काढलेला एकही नाही, किंमत मूळच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाची, आणि कंपनीच्या अधिकृत डीलरांच्या यादीत त्याचं नाव नाही. स्वस्तच हवी असेल तर रेझिनसोलसारखं स्वतःचं शिल्प असलेलं चिनी घराणं बघा. कोरियन फेअरीलँड, लुट्स या वरच्या पायऱ्या. नकलेपेक्षा साधी पण अस्सल केव्हाही चांगली.

खसची_ताटी

उन्हाचं मी सांगतो जी. लोक रेझिन वितळेल म्हणून घाबरून राहिले, तसं काही होत नाही. होतं ते पिवळेपण. रेझिन म्हणजे पॉलियुरेथेन, त्याला अतिनील किरण आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. खिडकीची काच अतिनीलचा काही भाग अडवते, सगळा नाही. पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली बाहुली दोन-तीन उन्हाळ्यांत एका गालाने पिवळी. अंधारातही रेझिन हळूहळू रंग बदलतं, पण ते सगळीकडून सारखं, डोळ्याला खुपत नाही.

स्किन म्हणजे रेझिनचाच रंग. पांढऱ्या स्किनवर पिवळेपण आधी दिसतं, अर्धपारदर्शक रेझिन तर फारच लवकर जातं. टॅन स्किनवर घासलं की ओरखडा फिका दिसतो. आपल्या हवेला नॉर्मल स्किन सगळ्यात सोशिक.

ठेवायची कुठे? पश्चिमेच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट असेल तर त्यात नको, मे महिन्यात दुपारी चारला त्या पत्र्याला हात लावून पाहा. आतल्या भिंतीचं लाकडी कपाट, खालचा कप्पा, सुती ओढणीत गुंडाळून, चेहरा वर. बबल रॅप चेहऱ्याला लावून महिनोन् महिने ठेवायचा नाही, उन्हाळ्यात त्याचे गोल ठसे उमटतात.

आता कूलर. ४५ अंशांत कूलरशिवाय भागत नाही, पण कूलर म्हणजे ओली हवा. बाहुलीला त्याने काही होत नाही, सीलंटला होतं. चेहऱ्याच्या रंगावर मॅट सीलंटचा फवारा मारतात, मिस्टर सुपर क्लिअर हे नाव सगळीकडे ऐकाल. हवेत दमटपणा साठ टक्क्यांवर असला की तो पांढरट धुकं धरतो, सगळं पुसून पहिल्यापासून. म्हणजे जून ते सप्टेंबर बंद, आणि कूलरच्या खोलीत एप्रिल-मेही बंद. नागपुरात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. त्यात तो डबा एरोसोलचा, विमानाने येत नाही. तुम्हाला रंगकाम जमत नाही म्हणता, तर काहून त्या भानगडीत पडता? कंपनीचा फेसअप, म्हणजे त्यांनीच रंगवलेला चेहरा घ्या, पैसे वसूल होतात.

इलॅस्टिकही उन्हाने लवकर सैल पडतं. दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा.

पावती_दाखवा

पैशाचं गणित, कारण इथेच सगळे फसतात.

खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. ती फक्त बाहुलीवर नाही, शिपिंग धरून लागते, आणि त्या बेरजेवर आयजीएसटी. वैयक्तिक वापराच्या मालासाठी कस्टमच्या दरपत्रकात वेगळा मथळा आहे, तो लागला तर ओझं हलकं होतं. पण बजेट वाईटात वाईट धरूनच करायचं, आणि सरकारच्या दर बजेटला दर बदलू शकतात म्हणून ऑर्डरच्या दिवशी कस्टम्सच्या साइटवर परत बघायचं.

बाहुली फेसअपसकट १५,०००, शिपिंग ३,०००, झाले १८,०००. त्यावर ७० टक्के म्हणजे १२,६००. बेरीज ३०,६००. उरलेल्या ४,४०० मध्ये आयजीएसटी, कुरिअरची हाताळणी फी आणि एखादा विग. म्हणजे ताई, तुमचं बजेट ३५ नाही, १५ हजार आहे. साइटवर किमतीची चाळणी तिथेच लावा.

विक्रेत्याला गिफ्ट लिहायला सांगू नका. भेटवस्तूंवरची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झाली. किंमत कमी लिहायलाही सांगू नका, खोकं हरवलं तर विमा तेवढाच मिळतो. वर्णनात मात्र प्रौढांसाठी संग्राह्य बाहुली, वय १५ च्या वर, असं विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मार्क सक्तीचा आहे आणि साधं डॉल लिहिलेलं खोकं त्यावरून अडकतं. केवायसीसाठी आधार किंवा पॅन तयार ठेवा. कुरिअर वजन मोजतं ते आकारमानावरही: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंमीमध्ये, भागिले ५०००. मोठ्या मखमली पेटीऐवजी साधं खोकं मागितलं तर शिपिंग उतरतं.

आणखी एक. बहुतेक बाहुल्या ऑर्डर आल्यावर ओततात, दोन ते सहा महिने जातात. ऑर्डर अशा हिशेबाने द्या की खोकं एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत भाजणार नाही.

धागादोरा

सगळ्यांचे आभार. आता दोन उरल्या आहेत, दोन्ही ४२ सेंमी, दुहेरी सांधे, अस्सल. एक टॅन स्किन, फेसअपविना, स्वस्त. दुसरी नॉर्मल स्किन, फेसअपसकट, बरोबर १५ हजारांत. दुसरीकडे कल आहे. डोळे सोबत येतात पण बसवायचे आपणच, असं लिहिलंय. ते कसं? आणि गुडघ्याचा झटका घालवायला काय आणून ठेवू?

खुंटीवरची

दुसरीच.

खोकं उघडण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा. पहिल्यांदा सर्टिफिकेट, मग डोक्याची टोपी काढून आत आणि कानामागे तडे, मग बोटं. तक्रारीची मुदत कंपनीगणिक वेगळी आणि बहुधा काही दिवसांचीच असते.

डोळे: टोपी लोहचुंबकाने धरलेली असते, सरळ मागे ओढा. डोळ्याची पुट्टी शेवईएवढी बारीक वळा आणि खोबणीच्या आतल्या कडेला गोल फिरवून चिकटवा. डोळा मागून दाबा, बुबुळ पापणीच्या कडेला भिडलं पाहिजे, फट दिसली तर नजर मेल्यासारखी वाटते. पुढून बघत काडीने हळूहळू फिरवा. दोन्ही बुबुळं एका रेषेत आली का ते आरशात बघा, उलट्या प्रतिमेत तिरकेपणा चटकन कळतो. पुढे सांडलेली पुट्टी त्याच पुट्टीच्या गोळीने टिपा, नखाने खरवडू नका, पापण्यांचा रंग निघेल. स्टेशनरीची निळी पुट्टी नको, उन्हाळ्यात तेल सोडते.

विगखाली सिलिकॉनची टोपी घाला. डोक्याचा घेर टेप लावून मोजा, या मापाला बहुतेक ७ ते ८ इंची विग बसतो.

खसची_ताटी

झटक्यासाठी ग्लू गन आणि पातळ फिकं स्वेड चामडं. आधी ग्लू करून पाहा, तो सोलून निघतो. पाय बाहेर ओढून गुडघ्याच्या वाटीत गरम ग्लूचा अगदी पातळ थर फिरवा, पुरता थंड होऊ द्या, मगच सांधा मिटवा. ओला असताना मिटवला तर सांधा चिकटून बसतो. थर जाड झाला तर गुडघा मिटतच नाही, मग सोलून परत. एवढ्याने नाही थांबलं तर वाटीच्या मापाची स्वेडची चकती, मधे दोरी जायला भोक. दोन्ही वाट्यांत लावायची नाही, एकाच.

दोरी बदलायची वेळ आली की एक चतुर्थांशाला तीन मिलिमीटरची गोल इलॅस्टिक लागते, इतवारीत शिवणसामानाच्या दुकानात मिळते. पांढरीच घ्या, काळीचा रंग आत उतरतो. ताणून पाहा, वरचं विणकाम उसवून आतलं रबर दिसलं तर ठेवून द्या. जुनी दोरी मोजल्याशिवाय फेकू नका, आणि नवी गाठीसाठी चार बोटं जास्त कापा. मानेच्या एस-हूकात (दोरी अडकवायचा एस आकाराचा आकडा) आधी बुटाची नाडी ओवून ठेवा, म्हणजे हूक हातातून सुटला तरी दोरी धडात गडप होत नाही.