मदत हवी आहे: कोडिंगच्या पूर्वतयारी वर्गाचं साहित्य कसं लावावं आणि मुलांचं काम कसं तपासावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही काही जण सुट्टीत विनामूल्य वर्ग घेतो. बारावी झालेली, बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला जाऊ पाहणारी मुलं येतात. बहुतेक मराठी माध्यमाची, घरी संगणक नाही. २०२४ पासून बीसीएलाही सीईटी आली, त्यामुळे बोर्डाची परीक्षा ते कॉलेज यांत बराच काळ मुलं नुसती वाट बघत बसतात. त्या काळात पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची ओळख करून द्यायची, म्हणजे पुढे कॉलेजात सी ही दुसरी भाषा समोर आली की बिचकणार नाहीत, एवढाच हेतू.

शिकवायला माणसं आहेत. अडतंय ते साहित्याच्या मांडणीत आणि त्याहून जास्त तपासणीत.

साहित्य भरपूर साठलंय: सीनियर मुलांच्या वह्यांच्या झेरॉक्स, क्लासच्या नोट्स, पीडीएफ, व्हिडिओंच्या लिंका. पण त्यातलं बरंच जुनं आहे. पायथॉन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तरी झेरॉक्समध्ये प्रिंट अजून जुन्या पद्धतीने, कंसाशिवायच लिहिलेलं असतं. सीच्या नोट्स तर टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या (कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या साधनाच्या) काळातल्या. कोनिओ डॉट एच, क्लीअर स्क्रीन, व्हॉइड मेन अशा तेव्हाच्या ओळी त्यात. आमच्या संगणकांवर लिनक्स आणि जीसीसी हा आजचा कंपायलर आहे, तिथे कोनिओची हेडर फाइलच सापडत नाही आणि मूल पहिल्याच ओळीवर अडकतं. नोट्समध्ये इंटची (पूर्णांक साठवायच्या प्रकाराची) कमाल मर्यादा ३२७६७ लिहिलेली, कारण टर्बो सीत इंट १६ बिटांचा. आज आमच्याकडे तो ३२ बिटांचा, म्हणजे मर्यादा २१४ कोटींच्या पुढे. पुस्तक एक सांगतं, पडदा दुसरं दाखवतो, आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. हे मला फार लागतं.

या नोट्स सरळ काढून टाकाव्यात का? मन होत नाही, कारण काही कॉलेजांत प्रॅक्टिकल अजून टर्बो सीवरच होतं. माझा कल असा आहे की जुनी नोट ठेवावी, पण वर एक पान लावावं: ‘हे जुन्या कंपायलरसाठी, आज फरक इतका.’ कोणी असं केलं असेल तर अनुभव सांगा.

चांगल्या साधनांत आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल उपयोगी पडतात. मराठी आवाज, आणि बघता बघता हाताने करून पाहायची पद्धत. हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स स्क्रॅचपासून (रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं साधन) सुरू होतो, मग सी, मग पायथॉन. क्रम मला पटतो, पण त्यातलं इंग्रजी आमच्या मुलांना झेपत नाही. आणि स्क्रॅच बारावीच्या मुलाला लहान मुलांचं वाटतं.

आता तपासणी. सध्या मुलं आउटपुटचा फोटो गटावर टाकतात, आम्ही ‘छान’ लिहितो. याने काहीच कळत नाही. एका मुलीने दोन विषयांच्या गुणांची बेरीज करायचा प्रोग्रॅम लिहिला. ४५ आणि ४० दिले, उत्तर आलं ४५४०. एरर नाही, लाल अक्षर नाही. इनपुटमधून येतं ते अक्षरांच्या रूपात, म्हणून पायथॉनने दोन्ही एकापुढे एक जोडले. शेजारच्याचं बघून तिने अक्षरांचा आकडा करणारं इंट लावलं, उत्तर ८५ आलं, फोटो गेला. ‘इंट का लावलं?’ विचारल्यावर गप्प.

मग तिला कागदावर ड्राय रन करायला लावला. म्हणजे प्रत्येक व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) एक रकाना, प्रत्येक ओळीनंतर त्यात काय आहे ते लिहायचं. ४५ भोवती अवतरणचिन्ह आहे की नाही, यावर ती थांबली आणि तिथेच तिला उमगलं. तेच नंतर थॉनीत एकेक पायरी चालवून दाखवलं. थॉनी नवशिक्यांसाठीच बनवलेला एडिटर आहे, एकदा टाकला की इंटरनेट लागत नाही, आणि व्हेरिएबलमधली किंमत ओळीगणिक बदलताना दिसते. पुढे तिनेच मराठी कळफलकावरून देवनागरी आकड्यांत ४५ टाकून पाहिलं. पायथॉनच्या इंटने तेही बिनतक्रार घेतलं! तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण असं एकेकाजवळ बसायला वेळ लागतो आणि मुलं चाळीसच्या आसपास. एकमेकांचं काम तपासायला दिलं, तर हुशार मुलं दुसऱ्याचा कोड स्वतःच दुरुस्त करून टाकतात. चॅटजीपीटीवरून आणलेला कोडही असतो, अगदी नीटनेटका, आणि त्यातली एकही ओळ समजावता येत नाही.

तर विचारायचं ते हे. कोड चालतो का, यापलीकडे ‘कळलंय का’ हे थोडक्यात तपासता येईल असं मराठी तपासणीपत्रक कोणी वापरलं आहे का? ओरलला विचारतात तसे, प्रत्येक असाइनमेंटमागे दोनच नेमके प्रश्न ठेवले तर चालेल का? आणि नेहमी येणाऱ्या एरर, म्हणजे नेमएरर, इंडेंटेशनएरर, टाइपएरर, यांचा सोप्या मराठीत अर्थ देणारा तक्ता कोणाकडे आहे का? नसेल तर आम्ही करतो, पण आधी झालेलं काम असेल तर तिथून पुढे जाऊ.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) काम जमा करून घ्या असं दोघांनी सुचवलं. पुढच्या वर्षी करू, सध्या अर्ध्या मुलांचा सगळा अभ्यास मोबाईलवर आहे. एका संगणकावर दोघं, एकाने फक्त सांगायचं आणि दुसऱ्याने फक्त टाइप करायचं, ही सूचना लगेच अमलात आणली. कोड दुरुस्त करून देण्याचा प्रकार त्याने कमी झाला, कारण सांगणाऱ्याला कीबोर्डला हातच लावता येत नाही. आता अडचण उरली ती अबोल मुलांची. जोडीत ती टाइप करायचंच काम धरून बसतात. जोड्या कशा लावता, किती वेळाने बदलता, हे शिकवणाऱ्यांनी जरूर लिहा.

एररच्या तक्त्याचा कच्चा खर्डा सुरू केला आहे. तपासून द्यायला कोणी तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फाइल पाठवते.