मदत हवी आहे : मेअखेर दोन रात्री, पुण्याजवळ, सासूबाईंना घेऊन

नमस्कार मंडळी,

मेच्या शेवटच्या आठवड्यात नवऱ्याला शुक्रवार ते रविवार एवढीच रजा मिळते आहे. आम्ही दोघं, आठ वर्षांचा लेक आणि सासूबाई. त्यांचं वय ७४, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास छान चालतात, पण दहा-बारा पायऱ्यांच्या वर नको. गाडी लहान, सीएनजीची. राहणं-जेवण धरून पंधरा हजारांत बसवायचं आहे.

गेल्या मे महिन्यात महाबळेश्वरला गेलो होतो. पसरणी घाटात गाड्यांची रांग दोन तास हललीच नाही. पोहोचेपर्यंत सासूबाईंचं पाऊल असं सुजलं, की चपलेत अंगठा जाईना. फोनवर तळमजला कबूल केलेला, हातात किल्ली आली पहिल्या मजल्याची. या वर्षी त्या आधीच म्हणाल्या, "तुम्ही तिघं जाऊन या, कुंड्यांना पाणी घालायला कुणीतरी हवंच." त्यांना घरी ठेवून मला कुठेही जायचं नाही.

रोज रात्री त्या नातवाला आपल्या आजोळच्या गोष्टी सांगतात. पळसाच्या द्रोणात करवंदं, बोटांना चिकटणारा चीक, आणि प्रत्येक करवंद दातांनी अर्धं तोडून बघायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. लेकाने करवंदं पाहिली आहेत ती सिंहगडाच्या वाटेवर मावशी विकतात तेवढीच. आजी-नातवाने एकदा तरी जाळीसमोर उभं राहून ती तोडावीत, एवढीच माझी इच्छा आहे. बाकी पॉइंट बघितले नाहीत तरी चालेल.

डोक्यात तीन जागा आहेत. वाई सगळ्यात सोयीची, सुरूर फाट्यावरून आत वळलं की झालं, पसरणी चढायचाच नाही. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची ती मोठी घंटा लेकाला दाखवता येईल. पण घाटाच्या पायऱ्या किती आहेत? आणि मेअखेरीस कृष्णेला पाय बुडवण्याइतकं पाणी असतं का?

भंडारदरा मनात फार आहे, कारण तेव्हा काजवे सुरू होतात. पण आळेफाटा, संगमनेर, अकोले करत एवढं अंतर त्यांना एका दमात झेपेल का, ही शंका आहे. शिवाय शनिवारी काजवे बघायला गाड्यांची झुंबड उडते, हेडलाइट आणि आरडाओरड्याने त्या जिवांचे हाल होतात. त्या गर्दीत भर घालायची नाही. शुक्रवारी रात्री, मुख्य जागा सोडून एखाद्या शांत पाड्यावर दिसतील का?

तिसरं जुन्नर. लेण्याद्रीच्या पायऱ्या बादच, पण ओझरला त्यांना दर्शन घेता येईल. त्या बाजूला शेतावर राहायची सोय असलेलं घर कुणी स्वतः पाहिलंय का?

जिथे स्वतः राहून आलात तिथलंच सांगा. खोली खरोखर तळमजल्यावर हवी, कमोड हवा, पलंग फार बुटका नको. जेवण घरचं, कमी तिखट. एसी नसला तरी चालेल, पण दुपारी बाज टाकायला झाडाची सावली हवी. आणि हो, करवंदाची जाळी घरापासून किती पावलांवर आहे, तेही लिहा. येत्या रविवारपर्यंत बुकिंग करायचं आहे.