ग्रूमिंगला येणारी कुत्री घाबरतात. कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण कुठे मिळेल? (मदत हवी आहे)

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये माझे पाळीव प्राण्यांच्या ग्रूमिंगचे दुकान आहे. गेल्या काही महिन्यांत एक गोष्ट वारंवार घडते आहे. कुत्री दुकानाच्या पायरीवरच फतकल मारून बसतात, टेबलावर चढवले की थरथरतात, आणि परवा नखे कापताना एका लॅब्रॅडॉरने आमच्याकडच्या मुलाच्या मनगटाचा चावा घेतला. भीती आणि ताण न देता प्राणी कसे हाताळावेत याचे रीतसर प्रशिक्षण असते असे ऐकले आहे. ते कुठे मिळते, फी किती आणि किती दिवस लागतात, एवढेच कृपया सांगावे. दिवाळीपूर्वीची गर्दी सुरू होण्याआधी हे मार्गी लावायचे आहे.

रानवाट

सायलीताई, एवढ्या माहितीवर कोणता कोर्स सुचवायचा? फक्त कुत्री येतात की मांजरेही? काम करणारे किती जण आहेत, आणि धरणारा व कापणारा एकच असतो का? टेबल कसले आहे, मालक जवळ थांबतो का? सर्वांत आधी मात्र हे सांगा, की चावा बसलेल्या मुलाची जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली का, आणि त्याने रेबीजची लस सुरू केली का? कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी हा निर्णय डॉक्टरांवर सोडावा, दुकानात बसून घेऊ नये.

आप्पा_सदाशिव

माझ्या घरात पूर्वीपासून अल्सेशियन आहेत. कोर्स वगैरे करण्याआधी मुलांना पकड शिकवा, असे माझे प्रामाणिक मत आहे. एकाने मानेची कातडी घट्ट धरावी, दुसऱ्याने मागचे पाय धरावेत आणि काम उरकावे. कुत्र्याला एकदा कळले की इथे आपले चालणार नाही, की ते पुढच्या वेळी निमूट उभे राहते. हात सैल पडला की चावा बसणारच.

सायली_नाशिक

फक्त कुत्री येतात. दोन मुले आहेत, एक धरतो आणि एक कापतो. टेबल स्टीलचे आहे. मालकांना आम्ही बाहेर बसवतो, कारण ते समोर असले की कुत्रे त्यांच्याकडे ओढ घेते. मुलाची लस सुरू झाली आहे, त्याची काळजी नसावी. आप्पा म्हणतात ते काही कुत्र्यांना लागू पडते, दोन-तीन फेऱ्यांनंतर ती खरोखर पुतळ्यासारखी शांत उभी राहतात. अडचण बाकीच्यांची आहे. कोर्सचे नाव कोणी सांगेल का?

पशुवैद्य_सांगली

नाव सांगण्याआधी त्या पुतळ्यासारख्या कुत्र्यांविषयी बोलणे मला अधिक गरजेचे वाटते, कारण माझ्या दृष्टीने चावणाऱ्या कुत्र्याइतकीच तीही अडचणीत आहेत. पुढच्या खेपेला त्यांच्याकडे नीट पाहा. तोंड गच्च मिटलेले असेल, डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसत असेल, कान मागे चिकटलेले असतील, अंगावर अचानक कोंडा उठलेला दिसेल. आणि कुत्र्याला उचलून बाजूला केलेत तर स्टीलच्या पत्र्यावर चारी पंजांचे ओले ठसे उमटलेले दिसतील, कारण कुत्र्याला तळव्यांना घाम येतो आणि भीतीने तो वाढतो. असे कुत्रे शांत झालेले नसते, ते गोठलेले असते. 1967 साली मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी अमेरिकेत कुत्र्यांवर जे प्रयोग केले, त्यांत हेच दिसले होते: आपण काहीही केले तरी सुटका नाही असा अनुभव आलेला प्राणी पुढे सुटकेची वाट समोर असली तरी धडपड सोडून देतो. प्रयोग क्रूर होते, पण त्यांचा धडा टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावा.

चावलेल्या लॅब्रॅडॉरनेही त्याआधी काही सांगितले असणार. ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, तोंड फिरवणे, पंजा मागे ओढणे, मग गुरगुरणे, असा हा क्रम असतो. गुरगुरल्याबद्दल ओरडा बसला, तर कुत्रे गुरगुरायचे सोडते आणि पुढच्या वेळी सरळ चावते. त्या दिवशी नखे कापताना नेमके काय झाले होते? नखातील रक्तवाहिनीला कात्री लागली होती का?

सायली_नाशिक

हो, त्याच्या आधीच्या खेपेला लागली होती आणि थोडे रक्त आले होते. काळी नखे असल्यामुळे आत काय आहे ते दिसत नाही. परवा मात्र कात्री नखाला लागलीही नव्हती, पंजा हातात घेतला आणि चावा बसला.

पशुवैद्य_सांगली

मग उत्तर त्यातच आहे. पंजा धरला की दुखते, हे त्या कुत्र्याच्या डोक्यात पक्के बसले आहे. आता क्रम उलटा करायचा: पंजाला क्षणभर बोट लावायचे, लगेच खाऊ द्यायचा, बोट काढायचे. आधी स्पर्श आणि मग खाऊ, हा क्रम चुकवू नये. खाऊ आधी दाखवला तर खाऊ दिसताच कुत्रे सावध होऊ लागते. एका भेटीत एकच नख कापून झाले तरी चालेल. काळ्या नखांचे पातळ काप घेत जावे, आणि कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसू लागला की थांबावे.

जर्सीकर_मुग्धा

मी न्यू जर्सीत प्राण्यांच्या दवाखान्यात व्हेटरिनरी टेक्निशियन, म्हणजे पशुवैद्यांची तांत्रिक साहाय्यक आहे. सायलीताई, तुम्ही ज्याविषयी ऐकले आहे ते बहुधा ‘फिअर फ्री’ (भीतीमुक्त) प्रशिक्षण असावे. डॉ. मार्टी बेकर यांनी 2016 मध्ये तो कार्यक्रम सुरू केला. पशुवैद्य आणि तंत्रज्ञांप्रमाणेच ग्रूमर, प्रशिक्षक आणि बोर्डिंग (मालक गावाला गेल्यावर प्राणी सांभाळण्याची जागा) चालवणारे यांच्यासाठीही त्यात स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, आणि ते ऑनलाइन असल्यामुळे नाशिकहूनही करता येतात. सध्याची फी त्यांच्या संकेतस्थळावरच पाहावी. त्याआधी डॉ. सोफिया यिन यांनी कमीत कमी ताण देऊन प्राणी हाताळण्याची पद्धत मांडली होती, आजही अनेक ठिकाणी तिचे प्रशिक्षण दिले जाते. आमच्या दवाखान्यात प्रत्येक प्राण्याच्या नोंदीत त्याला कोणता खाऊ आवडतो, कुठे हात लावलेला चालत नाही आणि मागच्या वेळी कोणत्या टप्प्यावर थांबलो हे लिहिलेले असते. नवा माणूस कामावर आला तरी प्राण्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

सायली_नाशिक

मुग्धाताई, मनापासून आभार, पण हा अभ्यासक्रम इंग्रजीत असणार. माझी दोन्ही मुले मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकलेली आहेत, त्यांना इंग्रजी परीक्षा देता येणार नाही. मराठीत काही नाही का?

रानवाट

हे पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते तर सर्वांचा वेळ वाचला असता. माझा सल्ला असा, की अभ्यासक्रम तुम्ही स्वतः करावा आणि मुलांना टेबलापाशी शिकवावे. प्रमाणपत्र भिंतीवर तुमच्या नावाचे लागले तरी हात त्यांचेच तयार व्हायला हवेत. सुरुवातीला त्यांना लंडनचे प्रशिक्षक चिराग पटेल यांचा ‘बादलीचा खेळ’ दाखवा, त्याचे व्हिडिओ पाहून समजायला भाषा फारशी लागत नाही. खाऊची छोटी बादली समोर ठेवायची. कुत्रे बादलीकडे पाहत आहे तोवर काम चालू ठेवायचे आणि मधूनमधून खाऊ द्यायचा. त्याने नजर वळवली की हात तत्काळ काढून घ्यायचा आणि त्याने पुन्हा बादलीकडे पाहेपर्यंत थांबायचे. आपण थांबवू शकतो हे कुत्र्याला उमगले, की ते अधिक वेळ उभे राहते. मी हा खेळ माझ्या इंडी (देशी) कुत्रीच्या कानांत औषध घालण्यासाठी वापरते.

आप्पा_सदाशिव

दुकानात कुत्र्याची परवानगी मागत बसले तर दिवसाला दोनच कुत्री होतील. घरचे कुत्रे वेगळे आणि धंदा वेगळा. शिवाय कळपात एकच म्होरक्या असतो, हा निसर्गाचा नियम आहे.

अरुंधती_ब

आप्पा, म्होरक्याची ती कल्पना संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली मांडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून रूढ झाली. ते लांडगे बंदिस्त होते आणि एका कुटुंबातले नव्हते. मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले, हे पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी स्पष्ट केले आणि स्वतःच्या जुन्या मांडणीतही दुरुस्ती केली. धंद्याचा मुद्दा मात्र आपण योग्य मांडला आहे, त्यावर कोणीतरी बोलायला हवे.

मनीमाऊची_आई

मांजर दवाखान्यात नेणाऱ्यांसाठी लिहिते. पेटी माळ्यावरून जायच्या दिवशीच काढू नका. ती घरात कायम उघडी असावी, आत मांजराच्या वासाचे कापड असावे, आणि वरचे झाकण निघणारी पेटी घ्यावी म्हणजे मांजराला खालच्या अर्ध्या भागात बसवूनच तपासता येते. घाबरलेल्या मांजराची रक्तशर्करा इतकी वाढू शकते की मधुमेहाची शंका यावी, म्हणून आमच्या डॉक्टरांनी फ्रुक्टोसामाइनची (मागच्या काही आठवड्यांतील साखर दाखवणारी) चाचणी करून मगच निदान केले.

सायली_नाशिक

आमच्याकडे मांजरे येत नाहीत, हे मी वर लिहिले आहे.

कोथरूडचा_मंदार

आमच्या पॉमेरियनला ग्रूमिंगच्या आधी एक गोळी देतात. ते छान गुंगीत राहते आणि काम अर्ध्या तासात होते. तुम्हीही दुकानात ठेवा.

पशुवैद्य_सांगली

कृपया असे काही करू नये. तपासणी आणि चिठ्ठीशिवाय ग्रूमरने कोणतेही शामक देऊ नये. पूर्वी यासाठी सर्रास वापरले जाणारे असेप्रोमेझिन एकटे दिले तर शरीर ढिले पडते, पण भीती कमी होईलच असे नाही. कुत्र्याला सारे जाणवत राहते आणि हालचाल मात्र करता येत नाही. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे काही प्राण्यांना खरोखर उपयोगी पडतात, परंतु मात्रा आणि वेळ त्या प्राण्याला तपासणारा डॉक्टरच ठरवील. मंदार, आपल्या पॉमेरियनला कोणते औषध दिले जाते ते विचारून घ्यावे.

मझलविषयीही (कुत्र्याच्या तोंडाला बांधायच्या मुसक्याविषयी) सांगतो. कापडी मझलमध्ये कुत्र्याला तोंड उघडून धापता येत नाही, आणि धापणे हा त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग आहे. केस वाळवण्याच्या गरम ब्लोअरखाली कापडी मझल बांधणे जिवावर बेतू शकते. पग आणि शिट्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर विशेष धोका असतो. जाळीचे मझल घ्यावे आणि ते घालायची सवय घरीच खाऊ देऊन लावायला मालकांना सांगावे.

ठाण्याची_वीणा

अरुंधतीताईंनी विचारलेल्या धंद्याच्या मुद्द्यावर लिहिते, कारण माझे ठाण्यात बोर्डिंग आणि ग्रूमिंग आहे. नव्या कुत्र्याचे आम्ही पहिल्या दिवशी काम घेत नाही. मालकासोबत ओळखीची भेट ठेवतो: कुत्रे आत येते, हुंगते, टेबलावर पंजे ठेवते, उकडलेले चिकन किंवा पनीर खाते आणि घरी जाते. या भेटीचे वेगळे थोडे पैसे घेतो आणि ते पहिल्या ग्रूमिंगच्या बिलातून वळते करतो. कुत्रे घाबरले तर काम अर्धवट सोडून पुढची तारीख देऊ, असे पावतीवर छापले आहे. सुरुवातीला काही गिऱ्हाइके गेली. जी राहिली त्यांची कुत्री आता झटपट होतात, कारण धरपकडीत जाणारा वेळ वाचतो. आप्पांच्या हिशेबात तो वेळ धरलेला नाही.

सायली, स्टीलच्या टेबलावर रबरी चटई आजच अंथरा. पाय घसरत असताना कोणतेही कुत्रे निर्धास्त उभे राहणार नाही. मालकाला सरसकट बाहेर बसवू नका; काही कुत्री मालक बाजूला असला तर खाऊ खातात आणि तो गेला की खात नाहीत. आवडता खाऊ नाकारणे हीच मोठी खूण असते, तिथे थांबायचे. चाटायला पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल नाही ना हे पाहून घ्या, ते कुत्र्यांना विषारी असते.

सायली_नाशिक

वीणाताई, ओळखीच्या भेटीची कल्पना मला पटली आहे आणि अभ्यासक्रमाला मीच नाव नोंदवते. चटई आज आणते. डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणांचा तक्ता मराठीत करून भिंतीवर लावायचा विचार आहे, मुलांना तो वाचता येईल. एकच प्रश्न उरला. बहुतेक कुत्री ब्लोअर सुरू होताच टेबलावरून उडी मारू पाहतात आणि ओले कुत्रे तसेच घरी पाठवता येत नाही. तिथे काय करता?

ठाण्याची_वीणा

ब्लोअर आधी दुसऱ्या खोलीत, दार लावून, सर्वांत कमी वेगावर सुरू करा आणि आवाज चालू आहे तोवर खाऊ देत राहा. आवाज बंद, खाऊ बंद. दार उघडे ठेवूनही कुत्रे खात राहिले की मगच यंत्र जवळ आणा, आणि हवा पहिल्यांदा पाठीच्या मागच्या भागावर घ्या, तोंडाकडे कधीच नाही. तोवर पाणी शोषणारे जाड टॉवेल भरपूर ठेवा. पहिल्या काही खेपांना आम्ही लहान केसांची कुत्री टॉवेलवरच कोरडी करतो. शिट्झूसारख्या लांब केसांच्या कुत्र्याला आवाजाची सवय होईपर्यंत अंघोळ घालतच नाही, फक्त विंचरून पाठवतो.