ख्रिश्चन पंक बँड मेनस्ट्रीम रॉककडे गेला की काय गमावतो? आणि पोस्टरवर ‘ख्रिश्चन’ लिहावं का?

बोरिवली_बास

मंडळी, जरा लांब लिहितोय, वाचा प्लीज. आमचा चौघांचा बँड आहे, बोरिवलीच्या आयसी कॉलनीतला, सगळे एकाच युथ ग्रुपमधले. फास्ट पंक वाजवतो, म्हणजे छोटं, वेगवान, कच्च्या आवाजाचं रॉक, गाणी आमचीच, काही इंग्लिश काही मराठी. श्रद्धेतूनच येतात पण भक्तिगीतं नाहीत, त्यात राग असतो, शंका असते, नोकरीची कटकट असते. आत्तापर्यंत पॅरिश हॉल (चर्चचा हॉल) आणि फेस्तचे, म्हणजे चर्चच्या सणाचे, कार्यक्रम एवढंच केलंय. आता लोअर परळच्या एका पबमध्ये तीन बँडच्या नाइटला बोलावलंय आणि आमच्यात वाद पेटलाय. ड्रमर म्हणतो पोस्टरवर सरळ ‘ख्रिश्चन पंक’ छापा, लपवायचं कशाला. गिटारवाला म्हणतो तसं छापलं की लोक आमचा सेट सुरू व्हायच्या आधीच बाहेर सिगरेट प्यायला जातील, एकही गाणं न ऐकता.

मी एमएक्सपीएक्स आणि रिलायंट के हे अमेरिकन बँड ऐकतच बास शिकलो. दोघंही चर्चच्या सीनमधून निघून मोठ्या लेबलवर, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे, गेले. मला मनापासून जाणून घ्यायचंय की तिकडे जाताना त्यांचं काय सुटलं आणि काय टिकलं. नुसतं ‘विकले गेले’ किंवा ‘मस्त केलं’ असं नको, ज्यांनी नीट ऐकलंय त्यांनी सांगा.

रंगभवनचा_जुना

बाळा, चांगला प्रश्न आहे. मी आय-रॉक हा मुंबईचा रॉक फेस्टिवल रंगभवनला व्हायचा तेव्हापासूनचा, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

एमएक्सपीएक्स म्हणजे वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनची शाळकरी पोरं, १९९२ ची सुरुवात, तेव्हा नाव मॅग्निफाइड प्लेड. टूथ अँड नेल हे ख्रिश्चन बँड काढणारं लेबल १९९३ मध्ये निघालं आणि १९९४ मध्ये यांचा पहिला अल्बम त्यांनीच काढला. आता इथे एक गोष्ट समजून घे, तिकडे त्या काळी ख्रिश्चन म्युझिकची दुकानंच वेगळी होती. बायबल, प्रार्थनेची पुस्तकं आणि त्याच दुकानात कॅसेट-सीडी. तिथे माल ठेवायचा तर गाण्यात काय आहे, कव्हरवर काय आहे हे सगळं बघितलं जायचं. आणि जो पोरगा त्या दुकानात पायच ठेवत नाही त्याच्यापर्यंत तुम्ही पोचायचे कसे? म्हणजे मेनस्ट्रीमला जाणं हा आधी वितरणाचा मामला होता, श्रद्धेचा वाद नंतरचा. आपल्याकडे बघ ना, र्‍हिदम हाउस या मुंबईच्या जुन्या म्युझिकच्या दुकानात वाजणारं आणि चर्चच्या पुस्तकांच्या दुकानात मिळणारं, दोन्ही घेणारी माणसं किती होती? मोजकीच.

मग ए अँड एम हे मोठं लेबल आलं, १९९८ चा अल्बम तिकडून निघाला आणि अमेरिकेत गोल्ड झाला, म्हणजे पाच लाखांचा टप्पा. वॉर्प्ड टूर या गावोगाव फिरणार्‍या पंक फेस्टिवलवर ते अशा बँडबरोबर वाजवत होते ज्यांचा चर्चशी काडीचा संबंध नाही. आणि त्याच सुमाराला वर कंपन्यांचं विलीनीकरण झालं, ए अँड एम स्वतंत्र कंपनी म्हणून उरलीच नाही, इंटरस्कोप या दुसर्‍या लेबलच्या छत्राखाली गेली. पुढे २००५ चा अल्बम साइडवनडमी या इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र, लेबलवर आणि २००७ चा परत टूथ अँड नेलवर. २०१८ चा तर चाहत्यांकडून पैसे जमवून स्वतःच काढला. तर मोठं लेबल म्हणजे कायमचं घर असं समजूच नका, तो प्रवासातला एक टप्पा असतो. त्या सगळ्या वर्षांत बँड तोच राहिला, तीन माणसं, तोच वेग. माझ्या मते ते देवाबद्दल कधीच प्रवचन देत नव्हते, अगदी सुरुवातीलाही नाही. मैत्री, गावातला कंटाळा, वाढत्या वयाचा गोंधळ हीच गाणी होती. त्यामुळे ‘सोडून गेले’ म्हणायला आधी धरलेलं काय होतं हे बघावं लागेल.

दादर_डिस्टॉर्शन

काकांशी सहमत, पण मला रिलायंट केचं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं कारण तिथे येशू सरळ गाण्यात होता आणि मेनस्ट्रीमला गेल्यावरही राहिला. ओहायोतल्या कँटनचे हे, गोटी रेकॉर्ड्स या ख्रिश्चन लेबलवर सुरुवात, २००४ च्या अल्बमला कॅपिटल हे मोठं लेबल जोडलं गेलं आणि ते एमटीव्हीवर वाजायला लागले. त्यातलं गाजलेलं गाणं कुणाला प्रेमाचं वाटेल, कुणाला प्रार्थना वाटेल, दोन्ही बरोबर. पण २००७ चा अल्बम बघा. बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत, सहाव्या नंबरला उघडला, कॅपिटलचा पैसा मागे, रेडिओवर वाजतील अशी गाणी भरपूर, आणि शेवटचं गाणं अकरा मिनिटांचं, मरणाच्या दारात पडलेल्या माणसाचं, ज्यात शेवटी येशू स्वतः गातो, आवाज स्विचफूट या बँडच्या जॉन फोरमनचा. अकरा मिनिटं! कुठल्या रेडिओने वाजवायचं ते? लेबलने दबाव आणून सगळं पुसलं असतं तर हे गाणं सीडीवर आलंच नसतं. मी स्वतः ख्रिश्चन नाही, पण ते गाणं ऐकून मी लोकलमध्ये अंधेरी चुकवून पुढे गेलोय, एवढा गुंतलो होतो.

तेव्हा बास भाऊ, तुमच्या ड्रमरला सांगा की लपवायचं काही नाही हे शंभर टक्के खरं, पण जे सांगायचंय ते गाण्यात असू दे, पोस्टर फक्त लोकांना आत बोलावण्यासाठी असतं.

गोराईची_पोर

मला दुसरी बाजू मांडायचीय, कारण तुम्ही दोघांनी ते फार सोपं करून सांगितलंत असं वाटतंय.

मी अनेक वर्षं पॅरिशमध्ये मुलांबरोबर काम केलंय. पंधरा-सोळाची पोरं, चर्चमध्ये घुसमटणारी, ज्यांना क्वायर नको आणि घरचं वातावरणही नको. त्यांच्यासाठी ‘आपला’ बँड असणं ही किती मोठी गोष्ट असते तुम्हाला कल्पना नाही. इलिनॉयमध्ये कॉर्नरस्टोन नावाचा फेस्टिवल होता, १९८४ ते २०१२, तिथे पंक, हार्डकोर, मेटल सगळं व्हायचं आणि श्रद्धावाल्या विचित्र पोरांना कळायचं की आपण एकटे नाही. बँड बाहेर गेला की त्याची शुक्रवार-शनिवारची रात्र पबची होते, तिकडे अठराच्या खालच्याला आत घेतच नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी गाणी लिहिली तेच दाराबाहेर. मला खरंच वाईट वाटतं ते याचं, लेबल कुठलं त्याचं नाही.

आणि अंडरओथ हा ख्रिश्चन हार्डकोर बँड विसरू नका. २००६ मध्ये त्यांचा अल्बम बिलबोर्डवर दुसर्‍या नंबरला गेला आणि तेव्हा ते टूथ अँड नेलच्याच सॉलिड स्टेट या उपलेबलवर होते, म्हणजे लेबल न बदलता मेनस्ट्रीमच्या वर पोचले. मग २०१३ ला थांबले, परत आले, आणि २०१८ च्या अल्बमच्या वेळी स्पष्ट म्हणाले की आम्ही आता ख्रिश्चन बँड नाही. लोक म्हणतात पैशाने बिघडवलं. मला नाही तसं वाटत. तो शिक्का होता तोवर त्यांच्याकडून सतत शुद्ध असण्याची अपेक्षा होती, गायकाने व्यसनाबद्दल नंतर उघड सांगितलंय, आणि अशी माणसं स्टेजवर देवदूत बनून उभी करायची म्हणजे त्यांना एकटं पाडणंच आहे. हा दोष आपल्या चर्चवाल्यांकडेसुद्धा येतो हे मान्य केलं पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं, पोस्टरवर लिहू नका, पण पॅरिश हॉल सोडू नका. दोन्हीकडे वाजवा, आणि तिकडे वाजवलेली गाणी इकडे गाळू नका, इकडची तिकडे गाळू नका.

बोरिवली_बास

ताई, हे शेवटचं फार लागलं. कारण आम्ही खरंच दोन सेट करायचा विचार करत होतो, हॉलसाठी ‘सोवळा’ आणि पबसाठी दुसरा. आता तो विचार सोडतो. एक सांगा, मराठी गाणी पबमध्ये चालतील का? आमची दोन मराठी आहेत आणि त्यातल्या एकात थेट प्रार्थना आहे.

ओवीवाला

चालतील म्हणजे काय, तीच वाजवा! मी रॉकवाला नाही, मराठी शिकवतो, पण यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. ख्रिस्ती माणसाने आजूबाजूच्या लोकांच्या चालीत आपलं म्हणणं मांडायचं हे आपल्याकडे चारशे वर्षांपासून चाललंय. फादर स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि १६१६ ला ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत, इथल्या पुराणांच्या थाटात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगाच्या वळणावर ख्रिस्ती भजनं लिहिली, तुकोबांवरचं प्रेम सोडलं नाही. त्यांना दोन्हीकडच्या लोकांचं ऐकून घ्यावं लागलं, ‘हे आमचं नाही’ असं दोन्हीकडे म्हणणारे असतातच. पण आज मराठी चर्चमध्ये ती भजनं गातात ना? मग ओवी आणि अभंग चालतात तर तुमचं ते धडधड वाजणारं पंक का चालू नये? फक्त मराठी नीट लिहा, इंग्लिश ओळ मराठीत ओढून बसवू नका, शब्द आपल्या बोलण्यातले घ्या, प्रार्थना असली तरी घरात आजी करते तशी.

साउंडवाला_परळ

मी अशा नाइट्सना साउंड करतो म्हणून प्रॅक्टिकल सांगतो. तीन बँड असले की साधारण अर्धा तास मिळतो, त्यात सेटअपही धरतात, म्हणजे सात-आठ पंक गाणी, जास्त नाही. बोलण्यात वेळ घालवू नका, दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग करताना शांतता पडते तिथेच लोक गळतात, एक जास्तीची गिटार आधीच ट्यून करून ठेवा. ते प्रार्थनेचं मराठी गाणं तिसरं किंवा चौथं घ्या, तेव्हा कान उघडलेले असतात, शेवटी ठेवलं तर तुमच्यानंतरचा बँड सामान हलवायला लागलेला असतो. आणि पबमध्ये व्होकल बुडतं, सगळ्यात मोठी अडचण तीच, गिटारवाल्याला अँप कमी ठेवायला सांगा नाहीतर तुम्ही येशू म्हणा नाहीतर काहीही म्हणा, समोर एक शब्द पोचणार नाही. सहाच्या आत साउंडचेकला या, दादरवरून टॅक्सी करत असाल तर प्रभादेवीच्या (जुन्या एल्फिन्स्टनच्या) बाजूचा ट्रॅफिक धरून निघा.