मदत हवी आहे: विहिरीवरच्या मोटरसाठी लोरा मॉड्यूल मागवलं, ते ९१५ मेगाहर्ट्झचं निघालं

नमस्कार मंडळी,

आमची विहीर घरापासून ९०० मीटरवर, ओढ्याकडेला खोलगटात. तिथं मोबाईलला रेंजच नाही त्यामुळे मोबाईल स्टार्टर लावून उपयोग नाही. लाईट रात्रीची असली की बाबा बॅटरी घेऊन मोटर चालू आहे का बघायला जातात, मागच्या महिन्यात बांधावर घोणस निघाली तेव्हापासून मला झोप नाही.

म्हणून लोराची (कमी पॉवरवर लांब पोचणारा रेडिओ) दोन मॉड्यूल ऑनलाईन मागवली, एक स्टार्टरच्या पेटीत, एक घरात. काल पार्सल फोडलं तर अँटेनाच्या बुडाशी ९१५ छापलेलं. ते अमेरिकेचं, आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झमध्ये फोन टॉवरशी बोलतात, तिथं मला अजिबात घुसायचं नाही. आपल्याला बिनलायसन्स ८६५ ते ८६७ होतं, २०२१ च्या नियमात ते ८६८ पर्यंत वाढलं, पॉवर १ वॅटपर्यंत आणि चॅनेल २०० किलोहर्ट्झच्या आत. माझं लोरा १२५ किलोहर्ट्झवर चालतं आणि चिप फार तर १०० मिलीवॅट टाकते म्हणजे आरामात बसतंय.

विकणारा म्हणतो कोडमध्ये आकडा बदला, झालं. चिप एसएक्स १२७६ आहे, ती ८६६ ला चालते हे खरं, पण बोर्डावरचं मॅचिंग (चिप आणि अँटेना जुळवणारं सर्किट) आणि अँटेना ९१५ ची त्याचं काय? पाव वेव्हलेंग्थ ९१५ ला ८.२ सेमी, ८६६ ला ८.७, म्हणून तांब्याची तार जरा लांब कापून ठेवलीय, छाटत छाटत बघणार. कोणी असं चालवलंय का? मधे डोक्याच्या वर गेलेला ऊस आहे, रेंज किती पडते? का सरळ परत करून ८६८ वालं घेऊ? (४३३ वालं कृपया सुचवू नका, आपल्याकडे ते घरातल्या घरात वापरायला आणि १० मिलीवॅटपर्यंतच मोकळं आहे.)

दुसरं, लायसन्स नको म्हणजे मान्यताही नको असं नाही ना, डब्ल्यूपीसीचं (केंद्राच्या दूरसंचार खात्याची रेडिओ लहरींची शाखा) ईटीए, म्हणजे उपकरणाची मान्यता, लागतंच. विकणाऱ्याकडे सर्टिफिकेट मागितलं तर "बिनधास्त वापरा" एवढंच उत्तर आलं. आता शेजारचे चौघं म्हणतायत आम्हालाही बनवून दे, पैसे देतो. ईटीए असलेलं मॉड्यूल घेऊन डबा बनवला तर डब्याचं वेगळं ईटीए काढावं लागतं का? दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर स्वतः अर्ज केलेलं कोणी असेल तर नक्की सांगा, कागद काय काय लागले तेही.

परत करायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे आणि उसाची पाळी पुढच्या आठवड्यात, तीही रात्रीचीच.